किक मारून टेकलं नाही, म्हणजे झालं का?

प्रश्न: नमस्कार सर, 150 सीसीची फोर स्ट्रोक बाईक डर्ट ट्रॅकसाठी बांधतोय. हेड 0.5 मिमी घासून आणलंय आणि जास्त लिफ्टचा कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) टाकलाय. मेकॅनिक म्हणतो, किकने हळूहळू फिरवून बघितलं, व्हॉल्व्ह पिस्टनला कुठे टेकत नाही, बिनधास्त फिट करू. खरंच चालेल का? की गॅप मोजायलाच लागतो? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अहो थांबवा त्यांना! टेकत नाही एवढंच कळलंय, गॅप 2 मिमी आहे की केसाएवढा ते कुठे कळलं? मी पण एकदा असाच बिनधास्त फिट केला होता, पहिल्याच दिवशी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला, पिस्टनवर चंद्रकोर उमटली, ती अजून टेबलावर ठेवलीये.

पुन्हा हेड उतरवा. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या खाचांमध्ये पोरांची खेळायची क्ले 5-6 मिमी जाड लावा (कणिक नको, ती परत फुगते), वरून तेलाचं बोट फिरवा म्हणजे व्हॉल्व्हला चिकटून वर येणार नाही. गॅस्केट त्याच जाडीचं पण जुनं दाबलेलं घ्या, हेड पूर्ण टॉर्कने आवळा, टायमिंगच्या खुणा जुळवा, चेन टेन्शनर बसवायला विसरू नका नाहीतर टायमिंग हलतं आणि सगळं माप खोटं. टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाचा गॅप) सेट करा, प्लग काढा आणि मॅग्नेटच्या नटाला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने क्रँकचे पूर्ण दोन फेरे द्या. मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका. मग हेड काढून क्ले ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्निअरने मोजा.

ही जागा इंटेकला (आत घेणारा व्हॉल्व्ह) किमान 80 थाउ (इंचाचा हजारावा भाग) म्हणजे 2 मिमी, एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणारा) 100 थाउ म्हणजे 2.5 मिमी हवी. छोट्या इंजिनवर जाणकार याहून कमीही ठेवतात, पण तुम्ही पहिल्यांदा बांधताय, यातच राहा. व्हॉल्व्हच्या कडेला बाजूनेही सव्वा मिमी मोकळं हवं, हे बरेच जण बघतच नाहीत.

एक्झॉस्टला जास्त का, तर टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) साधारण 10 डिग्री आधी तो बंद होत असतो आणि पिस्टन खालून त्याच्या मागे लागलेला असतो, जास्त आरपीएमला स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह मागे राहतो आणि पिस्टन त्याला गाठतो. इंटेकचं उलटं, टीडीसीनंतर पिस्टन खाली पळतोय आणि व्हॉल्व्ह त्याच्या मागे. म्हणून फक्त टीडीसीला थांबून बघण्यात अर्थ नाही. त्यात हेड घासल्याने चेन थोडी ढिली पडून कॅम किंचित उशिरा चालतो, म्हणजे एक्झॉस्टचाच गॅप अजून खाल्ला जातो.

कमी निघाला तर सिलिंडरखाली जाड गॅस्केट टाका, कॉम्प्रेशन थोडं जाईल. पिस्टनच्या खाचा खोल करायच्या तर आधी खालून जाडी किती उरते ते मोजा. आणि क्लेचा कण न् कण पुसून काढा बरं का, तेलाच्या भोकात गेली तर नवीनच उद्योग.