'पर्स्वेजन' पहिल्यांदा वाचताय? मग एवढंच बघा

मस्त निवड! जेन ऑस्टिन गेल्यावर १८१७ च्या शेवटी आलेली ही कादंबरी, २४च प्रकरणं आहेत, घाबरू नका. बरेच जण सुरुवातीला नायिका अ‍ॅनच्या वडिलांचा, सर वॉल्टरचा बडेजाव आणि कर्ज बघून, प्रेम कुठाय म्हणत पुस्तक मिटतात. चौथ्या प्रकरणापर्यंत जाच, अ‍ॅनने नौदलातल्या वेंटवर्थशी ठरलेलं लग्न का मोडलं ते तिथे कळतं.

- चार्ल्स नावाचेच चौघं आहेत, नावं लिहून ठेवा.
- अ‍ॅन आणि वेंटवर्थ आठ वर्षांनी परत भेटले तरी फार बोलत नाहीत, म्हणून भरभर पानं उलटू नका. दहाव्यात दमलेल्या अ‍ॅनला तो एक शब्द न बोलता गाडीत बसवतो, तेवढं दोनदा वाचाच, एवढ्या वर्षांत तो काहीच विसरलेला नाही हे तिथे दिसतं.
- २३व्यातलं पत्र आधी नेटवर वाचू नका प्लीज!

नौदल, इतिहास वगैरे दुसऱ्या वाचनाला.