वही भिंतीवर फेकली, आता काय?

प्रश्न : अकरा महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही अर्धवट उमटतं. मी नोकरी सोडून घरी आहे. धाकट्या जावेने एक सुरेख वही आणून दिली आणि म्हणाली, रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहीत जा. तीन आठवडे लिहिलं. रोज तेच : हे जिवंत आहेत, मुलं गुणी आहेत, डोक्यावर छप्पर आहे. बाविसाव्या रात्री वही भिंतीवर फेकली. तेव्हापासून मन खातंय. सगळे म्हणतात, 'तुझ्याहून वाईट दिवस किती जणांवर आलेत, आहे त्यात समाधान मान.' मी कृतघ्न आहे का?

उत्तर : वही उचलून ठेवा, लागणार आहे.

'कृतघ्न' हा शब्द तुम्ही स्वतःला फार सहज लावलात. जरा फोडून बघू. कृत म्हणजे केलेलं. ते जाणतो तो कृतज्ञ, ते मारून टाकतो तो कृतघ्न. म्हणजे आधी कुणीतरी आपल्यासाठी काही केलेलं असावं लागतं. पक्षाघात कुणी तुमच्या भल्यासाठी केलेला नाही. त्याबद्दल आभार मानायची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही, मीही नाही. आणि 'तुझ्याहून वाईट दिवस' ही तर निव्वळ तुलना झाली. दुसऱ्याचं दुःख आपल्या उशाला घेऊन कुणाला झोप लागते?

माझा धाकटा भाऊ गेला, त्याआधी तो एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होता. मी बाहेरच्या बाकावर. त्या दिवसांत धीर देणारं बरंच काही मला ऐकवलं गेलं, त्यातलं एक वाक्य आता आठवत नाही. आठवतो तो चार्जर. बाराव्या रात्री माझा फोन बंद पडला. समोरच्या बाकावरच्या माणसाची बायको आत होती, त्याचाही फोन चार्जिंगला लावलेला. त्याने तो काढला, न बोलता माझा लावला आणि स्वतः जाऊन दाराशी उभा राहिला, आतून हाक आली तर ऐकू यावी म्हणून. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्याच रात्री मी डॉक्टरांवर, दैवावर आणि, खरं सांगते, वेळेवर तपासणी न करणाऱ्या भावावर दात-ओठ खात होते. चार्जरमुळे राग कमी झाला नाही आणि रागामुळे चार्जर पुसला गेला नाही.

तुमच्या यादीत नेमकं हेच नव्हतं. 'छप्पर आहे', 'मुलं गुणी आहेत' हे खरंच, पण त्यात कुणी काही करताना दिसत नाही. शिवाय रोज रोज लिहिलं की त्याची हजेरी होते. सोनिया ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहा आठवडे काही जणांना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा असं लिहायला लावलं. फरक पडला तो एकदाच लिहिणाऱ्यांना. तेव्हा तुमचा एकविसाव्या दिवसाचा कंटाळा हा स्वभावदोष नव्हे.

वही अगदीच फुकाची आहे असंही नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकला यांच्या 2003 सालच्या अभ्यासात स्नायू आणि मज्जातंतूंच्या दीर्घ आजाराचे रुग्णही होते. एकवीस दिवस लिहिल्यावर त्यांचा आजार तसाच होता, पण झोप जास्त लागली, माणसं जवळची वाटली. मात्र नैराश्यावर हा उपाय तोकडा आहे. क्रेग आणि चीव्हन्स यांनी 2021 साली बरेच अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर असल्या लेखनाचा परिणाम छोटासाच निघाला. म्हणून विचारते : झोप उडणं, जेवण नकोसं होणं, कशातच मन न लागणं हे सलग दोन आठवडे चाललंय का? तसं असेल तर आधी डॉक्टर, वही मागाहून.

नसेल, तर आठवड्यातून एकदा, सोयीच्या वारी, एकच नोंद करा. कुणी, काय केलं, आणि त्यासाठी त्या माणसाने स्वतःचं काय बाजूला ठेवलं. 'मुलं गुणी आहेत' असं नको. 'थोरल्याने खेळ अर्धा सोडून बाबांची कूस बदलली' असं लिहा. समोरचं पान रागाला द्या. तिथे व्याकरण, सभ्यता, सासरचा मान काही पाळू नका. एखाद्या आठवड्यात रागाचंच पान भरलं तर भरू द्या.

पहिली नोंद मी सुचवते : जाऊ दुकानात गेली, चार वह्या चाळून त्यातली सुरेख निवडली. तिचा सल्ला तुम्हाला टोचला, तरी तिने केलेलं ते केलेलंच. आता तिला सांगा, वही पावली, पुढच्या रविवारी दोन तास हवेत. ती बसेल यांच्यापाशी, तुम्ही बाहेर पडा. अशी विचारणा होण्याची वाट पाहणारी माणसं घरात असतात, त्यांना काय करावं ते कळत नसतं एवढंच.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नसताना. तुमचे यजमान अकरा महिने फक्त घेतायत. सतत घेणं फार थकवणारं असतं, आणि त्यांना तर धड 'बरं वाटलं' म्हणताही येत नाही. त्यांचा डावा हात चालतो ना? लिहिताना वही त्यांना धरायला सांगा. वाकडी धरतील. धरू द्या, आणि त्या आठवड्याची नोंद तीच करा.

प्रश्न : पडत्या काळात ज्या शिक्षकांनी मला सावरलं, ते मागच्या वर्षी गेले. आभार मानायचे राहून गेले. आता पत्र लिहून काय उपयोग?

उत्तर : लिहा. जोएल वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात समुपदेशन घेणाऱ्यांनी आभाराची पत्रं लिहिली. बऱ्याच जणांनी ती पाठवलीच नाहीत, तरी त्यांनाही बरं वाटलं. सुरुवात 'आदरणीय सर' अशी नको, एखाद्या ठरावीक दिवसापासून करा : त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होतात, ते काय म्हणाले. त्यांच्या घरी कुणी असेल तर पत्राची एक प्रत तिकडे पाठवा. गेलेल्या माणसाबद्दलची, आपल्याला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट हाती आली की घरचे ती पुन्हा पुन्हा वाचतात.