वर्गात इतके पाटील कसे?

प्रश्न : आमचं मूळ आडनाव सूर्यवंशी, पण आजोबांपासून कागदोपत्री पाटील. मुलीच्या वर्गात निम्मे पाटीलच! हे इतके वाढले कसे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : पाटीलकी हे गावचं वतन, म्हणजे गावप्रमुखाचं वंशपरंपरेने चालणारं पद. मान थोरल्या घराचा, पण भाऊबंदही स्वतःला पाटीलच म्हणवत. पोराचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं की तेच सांगितलं जायचं आणि दाखल्यावर कायम व्हायचं. त्यामुळे मराठा, लेवा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत अशा सगळ्या समाजांत पाटील सापडतात. 1962च्या कायद्याने पाटीलकी गेली, आडनाव मात्र राहिलं.

मला खरी काळजी वाटते ती मागे पडलेल्या मूळ आडनावांची. खानदेशात सोयरीक जमवताना अजून ‘पाटील, पण कोणते?’ असं विचारतात, म्हणून ती टिकून तरी आहेत. तुम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, जरूर काढा. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात, वाचणारा जाणकार सोबत न्या. पणजोबांची नोंद सापडली तर तिथे सूर्यवंशी लिहिलंय का, ते आम्हाला नक्की कळवा.