उन्हाळा म्हटलं की तुम्हाला कोणती गाणी आठवतात?

उन्हाळ्याची आठवण करून देणारी आवडती गाणी सांगा, असं तुम्ही विचारलंय. आधी एक तक्रार नोंदवतो. मराठीत पावसाची गाणी पोत्यानं सापडतील. उन्हाळ्याच्या वाट्याला काय आलं? माझं बालपण अकोल्यात गेलं. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एवढ्या मोठ्या प्रकरणावर कोणी धड गाणं लिहू नये? त्यामुळे माझी बहुतेक गाणी उन्हाळ्या'वरची' नाहीत. ती उन्हाळ्यात कानावर पडली आणि तिथेच चिकटून बसली.

एक मात्र खरोखर उन्हाळ्याचं आहे, आणि ते तसं आहे हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. गीतरामायणातलं 'राम जन्मला ग सखी'. आपण ते रामनवमीचं गाणं म्हणून ऐकतो, आणि ते आहेच. पण गदिमांनी सुरुवातीलाच काय लिहिलंय बघा: 'गंधयुक्त तरीहि वात उष्ण हे किती'. चैत्रातली दुपार याहून कमी शब्दांत सांगून दाखवावी कोणी. कडूनिंब मोहरलेला असतो, आंब्याला कैऱ्या लागलेल्या असतात, वाऱ्याला वास असतो आणि तोच वारा कानशिलं भाजत असतो. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेही रामनवमीच्याच दिवशी. ठरली होती बावन्न गाणी. मध्ये अधिक महिना आला आणि छप्पन झाली.

पुढची ओळ 'दोन प्रहरी का ग शिरी सूर्य थांबला'. रामाचा जन्म बघायला सूर्यसुद्धा थबकला, ही त्यातली गंमत मला पुष्कळ उशिरा कळली. लहानपणी वाटायचं, यात विचारण्यासारखं काय आहे? आमच्याकडे तो रोजच थांबतो. देवळात बरोबर बाराला पाळणा हलायचा, गुलाल उधळला जायचा, हातावर सुंठवडा पडायचा, आणि कर्ण्यातून बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज. बाहेर आलो की खरी परीक्षा. चपला उन्हात तापलेल्या, फरशी त्याहून तापलेली. एका पायावर उड्या मारत चपलेपर्यंत जायचं आणि चपलेत पाय घातला की परत ओरडायचं. आजी म्हणायची, "देवाच्या दारी बोंबलू नये रे." आजही ते गाणं लागलं की तळपाय आधी आठवतात, मग राम.

दुसरं गाणं सगळ्यांच्याच यादीत असेल: 'झुक झुक झुक झुक अगीनगाडी'. तेही गदिमांचंच. पण पुण्या-मुंबईच्या माझ्या वयाच्या लोकांना ते पुस्तकातलं गाणं वाटतं, कारण त्यांनी मामाच्या गावाला जायला एसटी तरी धरली किंवा विजेच्या इंजिनाची गाडी तरी. आमच्याकडे अगीनगाडी खरीच होती. माझा मामा अचलपूरला. अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत मोठी गाडी आणि तिथून पुढे शकुंतला. इंग्रज कंपनीनं कापूस वाहायला टाकलेली नॅरोगेज लाइन; 1994 पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. पाऊणशे किलोमीटरला चार तास, आणि ते वेळेवर पोचली तर.

'धुरांच्या रेषा हवेत काढी' हे तर डोळ्यांसमोरच चालायचं. त्या रेषा हवेत न राहता डब्यात यायच्या, एवढाच फरक. आई सुट्टीसाठी शिवलेला पांढरा शर्ट घालू द्यायची नाही, कारण दर्यापूर येईपर्यंत त्याच्यावर तीळ सांडल्यासारखे ठिपके पडायचे. डोळ्यात कण गेला की ती पदराचं टोक फुंकर मारून गरम करायची आणि डोळ्यावर दाबायची. त्या वेळी पदराला आमच्या दशम्यांचा वास असायचा. राहिली 'पळती झाडे'. शकुंतलेतून झाडं पळताना मी कधीच पाहिली नाहीत. ती निवांत उभी असायची, आपणच हळूहळू सरकायचो. अंजनगावच्या अलीकडे एक मोठा पोरगा चालत्या गाडीतून उतरला, रुळालगतच्या झाडाच्या दोन कैऱ्या तोडल्या आणि मागच्या डब्यात चढला. आमच्या डब्यातल्या म्हाताऱ्यानं मान हलवली, "बाप्पा, मीठ नाही आनलं त्यानं."

आता ती गाडी बंद आहे. गाण्यातली मामी सुगरण आणि रोज शिकरण-पोळी, यावर माझ्या मामीचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, गाणं लिहिणाऱ्याला म्हणावं सात भाचे आणून सोड आणि मग बघ.

मामीकडे मे महिन्यात कुरडयांचा घाट असायचा. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, आणि पहाटे चारला अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात तो शिजायला लागायचा. पहाटे, कारण ऊन चढायच्या आत कुरडया सोऱ्यातून पडल्या पाहिजेत. गरम चीक, त्यावर तेल आणि मीठ. आम्ही वाट्या घेऊन रांगेत. "पोट्टेहो, समदा चीक तुमीच खासान त कुरडया कायच्या टाकू?" हे दर वर्षीचं वाक्य. मग गच्चीवर जुनी पातळं अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि राखणीला आम्ही, एक काठी आणि एक ट्रान्झिस्टर. सेल उतरले की तेही कुरडयांशेजारी उन्हात ठेवायचे; तापले की अर्धा तास पुन्हा आवाज द्यायचे.

त्या ट्रान्झिस्टरवर ऐकलेलं गाणं म्हणजे 'गोमू माहेरला जाते हो नाखवा'. निळी खाडी, दोन्ही तीरांना हिरवी झाडी, माड, शहाळी. आम्ही समुद्र पाहिलेला नव्हता. नाखवा हे कोणा माणसाचं नाव असावं असा माझा समज होता. डोक्याला ओला पंचा गुंडाळून, कावळे हाकत, तापलेल्या गच्चीवर बसून मी ती खाडी ऐकायचो. आणि गाणं संपलं की निवेदिका शांतपणे सांगायची, चित्रपट 'वैशाख वणवा'. मला वाटायचं, वणवा आमच्याकडे ठेवला आणि खाडी त्यांना दिली. पुढे नोकरीला लागल्यावर मे महिन्यातच कोकणात गेलो. घामाच्या धारा बघून ठरवलं की गाणंच बरं होतं. आमचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. मला भाजलेलं चालतं.

रात्रीची गाणी वेगळीच. संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं, चर्र आवाज येऊन वाफ उठायची, मग तासाभरानं गाद्या पडायच्या. दहाला विविधभारतीवर 'छायागीत', अकराला 'बेला के फूल'. बेला म्हणजे मोगरा, हे मला कॉलेजात कळलं. तोपर्यंत बेला ही कोणी बाई असावी आणि तिला फुलं आवडत असावीत असं धरून चाललो होतो. मोगऱ्याची चार फुलं माठातही टाकलेली असायची. म्हणून ज्ञानेश्वरांचं 'मोगरा फुलला' ऐकताना मला, क्षमा करा, परमार्थ आठवत नाही. थंड पाण्याचा घोट आठवतो. हृदयनाथांची चालही तशीच आहे, घाई न करता चढत जाणारी. लताबाई 'इवलेसे रोप'ला येतात तेव्हा गच्चीवरची कुजबुज थांबायची.

'निंबोणीच्या झाडामागे'सुद्धा मला उन्हाळ्याचंच गाणं वाटतं. एरवी लहान मुलं घरात झोपतात. झाडामागचा चंद्र पडल्या पडल्या दिसायला बाहेर झोपावं लागतं. सुमन कल्याणपूरांच्या आवाजात कुठेही जोर नाही, त्यामुळे गाण्यातलं बाळ झोपो न झोपो, मी दुसऱ्या कडव्याला गेलेला असायचो. तिसरं कडवं मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते माझ्या मुलीला झोपवताना.

आता एक वादाचा मुद्दा. सुरेश भटांचं 'चांदण्यात फिरताना' हे तुम्ही शृंगाराचं गाणं म्हणून ऐकत असाल. आशाबाई गातातही तसंच, मला काही हरकत नाही. पण भट अमरावतीचे. आमच्या भागात वैशाखात माणसानं फिरायचं कधी? चांदण्यातच. दिवसभर खोलीत कूलरसमोर पडलेलं अख्खं गाव रात्री साडेनऊला पांढरे सदरे घालून बाहेर पडतं, कुल्फी खातं, उसाच्या रसाच्या गाडीवर उभं राहतं, ओळखीच्यांना "जेवन झालं का?" विचारतं. हातात हात धरणारेही त्याच गर्दीत. पुण्यातला मित्र म्हणतो, तू कवितेचा हवामान अंदाज केलास. असेल.

'जैत रे जैत'मधलं 'जांभूळ पिकल्या झाडाखाली' लागलं की मी मात्र सावध होतो. ना. धों. महानोरांचे शब्द, ठाकर आदिवासींचा ढोल, सगळं छानच. पण जांभळं पिकली म्हणजे सुट्टी संपत आली. जीभ जांभळी आणि नवी वह्या-पुस्तकं दारात. सुलोचना चव्हाणांचा 'पाडाला पिकलाय आंबा' मोठ्यांनी मोठ्यांसाठी लावलेला असायचा. आम्हाला त्यातलं फक्त पाड कळायचं, कारण मामाच्या झाडाचा पहिला आंबा आपोआप गळून पडला की तो ओरडायचा, "पाड लागला!" आणि दुसऱ्या दिवशी उतरवणी सुरू.

शेवटचं गाणं रेडिओवर कधी लागलं नाही. 'धोंडी धोंडी पाणी दे'. मृग कोरडा गेला की गावात धोंडी काढायचे. एका पोराला उघडं करून कडूनिंबाच्या डहाळ्यांनी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकायचं आणि गात गात घरोघर न्यायचं. बाया दारात येऊन त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि झोळीत जोंधळे टाकायच्या. मी नऊ-दहा वर्षांचा असताना मामाच्या गल्लीत तो मान मला मिळाला. शहराचा पाहुणा म्हणून. पहिल्या तीन दारांत गार पाण्यानं काय सुख वाटलं ते सांगता येत नाही. चौथ्या दारात कळलं की डहाळ्या तोडताना कोणी त्यांतल्या लाल मुंग्या झटकल्या नव्हत्या. मी नाचायला लागलो. पोरांना वाटलं धोंडी अंगात आला. ती दुप्पट जोरानं गायला लागली.