मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी पायातली कळ का जात नाही?

"ऑपरेशन व्यवस्थित झालं म्हणतात, मग पाय अजून का ठणकतो?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की त्याच्या पाठोपाठ येणारी भीतीही आता पाठ झाली आहे: ऑपरेशन फसलं तर नाही ना?

असेच एक शिक्षक आले होते. पन्नाशीचे. कमरेच्या मणक्यातली सरकलेली गादी काढून काही महिने झाले होते. पुन्हा केलेल्या एमआरआयमध्ये नसेवर दाब नव्हता. तरी पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत जळजळ, मुंग्या, मधूनच करंट बसल्यासारखी कळ.

"म्हणजे सगळं मनाचंच आहे, असं म्हणणार ना तुम्ही?" बसता बसताच त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. दुखणं खरं, आणि नसेचंच. दाब निघाला म्हणजे नस त्याच दिवशी बरी होत नाही. तिचे तंतू नव्यानं वाढायचे असतील तर वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कमरेपासून अंगठा किती लांब आहे बघा! काहींच्या बाबतीत थोडं दुखणं कायमचंही राहतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना कमी-जास्त वाट देणारं एक दार असतं, असं वेदनेचा अभ्यास करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. आपलं लक्ष आणि भीती यांचाही हात त्या दारावर असतो. माझं काम तिथे सुरू होतं.

"दिवसातून किती वेळा पाय तपासता?"

"तपासतो म्हणजे?"

"डॉक्टर झोपवून, पाय सरळ वर उचलून बघतात, तसं."

"सकाळी जाग आली की. मग खुर्चीत बसल्यावर… लक्षात नाही."

पुढच्या वेळी मोजून यायला सांगितलं. आले ते रेघोट्यांनी भरलेला कागद घेऊन, तोही दुपारपर्यंतचाच.

"मॅडम, मी दिवसभर स्वतःची परीक्षा घेतोय. कळ आली की नापास. मग ऑपरेशन फुकट गेलं, नोकरी जाणार, मुलीचं शिक्षण अडणार, सगळं ओळीनं येतं."

"आणि कळ आली नाही तर?"

ते बराच वेळ गप्प होते. मग स्वतःशीच हसले. "तर पाय आणखी वर उचलतो. येईपर्यंत."

इतका स्वच्छ उलगडा क्वचित ऐकायला मिळतो. तो त्यांचा त्यांनी केला. प्रश्न नेमका पडला याचं थोडं समाधान मलाही घेऊ द्या. माणसाला दुखण्याइतकाच, कधी जास्तच, त्याला चिकटवलेला निकाल छळतो, असं मी मानते. 'अजून दुखतंय' ही माहिती आहे. 'आतापर्यंत जायलाच हवं होतं' हा हट्ट आहे, आणि नस हट्ट ऐकत नाही.

तपासणी बंद झाली. ती डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट करतील. चालणं घड्याळावर ठरवलं. वाईट दिवशीही जमेल त्याहून थोडी कमी मिनिटं धरायची. बरं वाटलं म्हणून दुप्पट चालायचं नाही, कळ आली म्हणून अंथरूण धरायचं नाही. बहुतेक जण पहिल्या अटीत घसरतात: एका चांगल्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकतात आणि पुढचे चार दिवस झोपून काढतात. घरच्यांनाही सांगितलं, दर तासाला "दुखतंय का?" विचारू नका. प्रेमानं विचारलेला प्रश्नही तपासणीच असतो.

जळजळ पूर्ण गेलेली नाही, रात्री जाणवते. पण ते वर्गावर उभं राहून शिकवतात, आणि कागदावर रेघोट्या नाहीत.

नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनसारख्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून एकदम सोडू नका. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात. आणि पायातली ताकद नव्यानं कमी झाली, पाऊल उचलेना, लघवी-शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा ताप येऊन जखम वाहू लागली, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका. लगेच, त्याच दिवशी, सर्जनकडे जा.