मिस मार्पलच्या दोन टीव्ही मालिकांपैकी कोणती बघावी, आणि पुस्तक आधी वाचावं की नंतर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पलची, म्हणजे खेड्यात राहून खुनांचा छडा लावणाऱ्या म्हातारीची, दोन पुस्तकं वाचून झालीत, आता मालिका बघायची आहे, पण एकाच नावाच्या कथा दोन-दोनदा सापडतात. जुनी बघू की नवी, क्रम कुठला लावू, आणि उरलेली पुस्तकं आधी वाचून घेऊ का?

जुनी बघा, म्हणजे जोन हिक्सनची. बीबीसीनं १९८४ ते १९९२ या काळात मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या आणि सगळ्यांत हिक्सनच आहेत. निदान पाच-सहा कथा बघून होईपर्यंत दुसरीकडे वळू नका. ओळखायची खूण सोपी आहे. बीबीसीच्या मालिकेचं नाव ‘मिस मार्पल’, आयटीव्ही या दुसऱ्या ब्रिटिश वाहिनीच्या मालिकेचं ‘अगाथा ख्रिस्तीज मार्पल’. आयटीव्हीची २००४ ते २०१३ अशी चालली. तिच्या २३ भागांपैकी पहिल्या १२ भागांत जेराल्डिन मॅकइवन आणि पुढच्या ११ भागांत ज्युलिया मॅकेंझी आहेत. नाव दिसत नसेल तर वर्ष बघा, घोटाळा होणार नाही.

माझ्या या मतामागे जुन्याचं प्रेम नाही, वेळेचा हिशेब आहे. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ बीबीसीनं तीन भागांत केलं, मिळून अडीच तासांच्या आसपास. तेच पुस्तक आयटीव्हीनं २००४ साली केलं तेव्हा जाहिराती वगळून दीड तासच हाती होता. मग कात्री कशाला लागते? गप्पांना. आणि या कादंबऱ्यांत सगळी मेख गप्पांतच असते. मोलकरणीची कुरकूर, कर्नलच्या बायकोचं फोनवरचं बोलणं, पोस्टातली चर्चा, अशा दहा बिनमहत्त्वाच्या गोष्टींत ख्रिस्ती एक महत्त्वाची गोष्ट मिसळून ठेवते. त्या दहा कापल्या की अकरावी उघडी पडते. पटकथा लिहिणाऱ्यासमोर मग दोनच वाटा राहतात : तो धागाच काढून टाकायचा, नाहीतर तो दाखवून बघणाऱ्याचं लक्ष कुठल्यातरी झगमगाटाकडे वळवायचं. आयटीव्हीच्या मालिकेत भडक रंग, चढं संगीत आणि जादाची प्रेमप्रकरणं दिसतात, त्याचं मोठं कारण मला हे वाटतं.

हिक्सनबाईंकडे बघताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या : त्या ऐकतात कशा. समोरचा बोलत असतो, यांच्या हातात विणकाम किंवा चहाचा कप, आणि मध्येच नजर क्षणभर थांबते. संगीत वाजत नाही, कॅमेरा झेपावत नाही. पुस्तकातली मिस मार्पल प्रत्येक संशयिताची तुलना आपल्या सेंट मेरी मीड गावातल्या कुणाशीतरी करते, त्यावरून माणूस ओळखते. पडद्यावर हे सगळं संवादात आणलं तर कंटाळवाणं होतं, म्हणून बहुतेक ठिकाणी ते गळतं. हिक्सननी त्यातलं बरंचसं त्या थांबलेल्या नजरेत आणलंय. मालिका सुरू झाली तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. १९४६ साली त्यांना रंगमंचावर बघून स्वतः ख्रिस्तीनं पत्र लिहिलं होतं की, पुढे कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल करावी. ती इच्छा पुरी व्हायला ३८ वर्षं लागली आणि ते बघायला लेखिका हयात नव्हती.

आता पुस्तक आधी की नंतर. याला सरसकट उत्तर नाही, कारण ते प्रत्येक पुस्तकातला धागा कुठल्या जातीचा आहे यावर ठरतं. खून कुणी केला हे मी कुठेही सांगणार नाही, पण धागे कसले हे थोडं सांगावं लागेल.

‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (पुस्तक १९५०, बीबीसी १९८५) आधी वाचा. गावच्या पेपरात जाहिरात येते : शुक्रवारी २९ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसहाला ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी खून होणार आहे. शेजारीपाजारी खेळ समजून जमतात. दिवे जातात, दार उघडतं, टॉर्चचा झोत फिरतो, गोळ्या सुटतात. आता विचार करा, अंधारात कुणाला काय दिसलं यावर अख्खी कथा उभी आहे, आणि टीव्हीला तर काहीतरी दाखवावंच लागतं. पडदा पुरता काळा ठेवला तर बघणारा वैतागेल, जास्त दाखवलं तर कोडंच फुटेल. म्हणून कॅमेरा खोलीत बसलेल्यांच्या जागी ठेवतात आणि टॉर्च आपल्याच डोळ्यांवर येते. हा प्रसंग दोनदा बघा, दुसऱ्यांदा कोण कुठे उभं आहे एवढंच.

याच पुस्तकात एक बाई पुढे म्हणते, ‘ती तिथं नव्हती.’ एवढंच वाक्य. मोठ्यानं म्हणून बघा. ‘ती’वर जोर दिला तर एक अर्थ, ‘तिथं’वर दिला तर दुसरा, ‘नव्हती’वर दिला तर तिसरा. छापील पानावर तिन्ही अर्थ एकाच वेळी शिल्लक राहतात. नटीला मात्र ते कुठल्यातरी एका सुरात म्हणावंच लागतं. तो सूर ऐकण्याआधी वाक्य वाचलेलं असेल तर कोडं सोडवायला पुरेसा वाव मिळतो. शिवाय त्या पुस्तकात युद्धानंतरच्या इंग्लंडचा जो तपशील आहे, रेशनकार्डं, फोटो नसलेली ओळखपत्रं, शेजारी नेमका कोण हे कुणालाच ठाऊक नसणं, तो नुसता वातावरणासाठी नाही. गुन्हा शक्यच त्यामुळे होतो. मालिकेत हे येतं, पण भरभर जातं.

‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ (पुस्तक १९६२, बीबीसी १९९२) हेही आधी वाचण्याचं. पार्टीत सिनेमानटी मरिना ग्रेग जिन्याच्या वरच्या टोकाला पाहुण्यांचं स्वागत करत असते आणि बोलता बोलता समोरच्या बाईच्या खांद्यावरून पलीकडे बघून एकदम थिजते. पुस्तकात ती नजर आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून कळते, इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेतल्या शापित स्त्रीच्या उपमेतून, आणि पुस्तकाचं नावही त्याच कवितेतलं. मरिनाला नेमकं काय दिसलं हेच रहस्य. पडद्यावर नटीला ती नजर प्रत्यक्ष द्यावी लागते आणि दिग्दर्शकाला ठरवावं लागतं की तिच्यासमोरचं आपल्याला किती दाखवायचं. जिन्याचा भाग कमी दाखवला तर फसवल्यासारखं होतं, जास्त दाखवला तर हुशार माणूस तिथंच उत्तर सांगेल. बीबीसीत क्लेअर ब्लूम आणि आयटीव्हीत लिंडसे डंकन, दोघींनी हा क्षण वेगवेगळ्या तऱ्हेनं केलाय. दोन्ही मालिकांतली एकच कथा पाठोपाठ बघायची असेल तर ही निवडा.

उलट ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ थेट बघा. दोन गाड्या शेजारशेजारच्या रुळांवरून एकाच वेगानं धावताहेत, पलीकडच्या डब्याचा पडदा झटकन वर जातो आणि एक पाठमोरा माणूस बाईचा गळा आवळताना दिसतो. हे पानावर वाचण्यापेक्षा डोळ्यांनी बघण्यातच जास्त धक्का आहे. पुढे रदरफोर्ड हॉलमध्ये शोध घेणारी ल्युसी शेवटी कुणाशी लग्न करणार, हे पुस्तक उघडपणे सांगत नाही, आपल्यावर सोपवतं; आयटीव्हीनं त्याचा निकाल लावून टाकलाय. ते मला पटत नाही.

‘द मूव्हिंग फिंगर’मध्ये मिस मार्पल पुस्तकाच्या पार शेवटच्या भागात येते. जिच्या नावाची मालिका तिला इतका वेळ बाहेर ठेवता येत नाही, म्हणून टीव्हीवर ती लवकर येते आणि निनावी पत्रांनी गावात पसरलेला एकटेपणा थोडा पातळ होतो. दोन्ही चालतील, क्रमानं फरक पडत नाही.

एक अडचण मात्र कुठल्याच मालिकेला पुरती सुटलेली नाही. कुणी वेश पालटून वावरत असेल तर पुस्तकात आपल्याला चेहरा दिसत नाही, टीव्हीवर नटाचा चेहरा समोरच असतो. तसंच पाहुण्या नटांपैकी एकच नामवंत असेल तर गुन्हेगार तोच, हे लोक ओळखतात. आयटीव्हीनं यावर उपाय चांगला काढला : जवळजवळ प्रत्येक भूमिकेत ओळखीचा चेहरा. एवढ्या बाबतीत ती मालिका सरस आहे.

क्रमाचं म्हणाल तर एकच नियम खरोखर पाळायचा आहे. ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ आधी, ‘नेमेसिस’ नंतर. पहिल्या कथेत (पुस्तक १९६४) मिस मार्पलची राफिएल नावाच्या तिरसट धनाढ्य म्हाताऱ्याशी गाठ पडते, दुसरीत (१९७१) तो वारल्यावर तिच्यावर एक काम सोपवून गेलेला असतो. बीबीसीनं मात्र ‘नेमेसिस’ १९८७ साली दाखवलं आणि ‘कॅरिबियन’ १९८९ साली, तेही राफिएलच्या भूमिकेत वेगवेगळे नट घेऊन. आयटीव्हीनंही हाच उलटा क्रम ठेवला, २००९ आणि २०१३. त्यामुळे ज्या यादीत भाग प्रसारणाच्या तारखेनं लावलेले असतात तिथे आपसूक चुकीचा क्रम लागतो. एरवी सुरुवात ‘द बॉडी इन द लायब्ररी’नं करा, मग ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, मग ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’. या तिसऱ्या कथेत मिस मार्पल रागानं निघालेली असते, कारण तिनं स्वतः कामाला शिकवून तयार केलेल्या पोरीचा जीव गेलेला असतो. तिचा हा राग बघितला की, गोड आजीबाई एवढीच तिची ओळख मनात उरत नाही. ‘दे डू इट विथ मिरर्स’ शेवटी ठेवलंत तरी चालेल.

बघताना इंग्रजी सबटायटल्स लावा, खेड्यातले उच्चार भराभर निसटतात. पहिल्या वीस मिनिटांत दहा-बारा नावं येतात, ती नात्यासकट कागदावर लिहून ठेवा. नोकराचाकरांची वाक्यं सोडू नका. इन्स्पेक्टर ज्यांना मध्येच तोडतो त्यांचंच बोलणं बहुतेकदा कामाचं निघतं.

आयटीव्हीकडे वळाल तेव्हा एक फसगत टाळा. कादंबऱ्या १२ आणि भाग २३, म्हणजे बाकीचे आले कुठून? दोन मिस मार्पलच्याच लघुकथांवरून आणि उरलेले नऊ अशा पुस्तकांतून, ज्यांत ती मुळात नाहीच : ‘टोवर्ड्‌स झीरो’, ‘द पेल हॉर्स’, ‘एंडलेस नाइट’, ‘द सिटाफोर्ड मिस्टरी’ वगैरे. तिला आत घुसवण्यासाठी मूळ शोधकाला बाजूला सारावं लागतं आणि कथेचा तोल जातो. ‘सिटाफोर्ड’मध्ये धाडसी तरुणी एमिलीच खरी नायिका आहे. ती कथा पडद्यावर बघायची तर विशाल भारद्वाज यांची २०२३ ची हिंदी मालिका ‘चार्ली चोप्रा’ बघा. बर्फानं तुटलेलं डार्टमूर तिथे हिमाचलातलं सोलांग खोरं झालंय आणि शोध तरुण मुलीकडेच ठेवलाय. खऱ्या मार्पल-कथांपैकी आयटीव्हीची ‘स्लीपिंग मर्डर’ आणि ‘नेमेसिस’ इतकी बदललीत की पुस्तक ओळखू येत नाही, आणि ‘द बॉडी इन द लायब्ररी’चा शेवट वेगळा आहे. मॅकेंझींची ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ आणि ‘द मिरर क्रॅक्ड’ मात्र निर्धास्त बघा.

यानंतर ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुप्तहेराकडे, डेव्हिड सुशेंनी केलेल्या पॉयरोच्या मालिकेकडे जावंसं वाटेलच (१९८९ ते २०१३, ७० भाग). तिथे दोन गोष्टी सांभाळा. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ वाचल्याशिवाय बघू नका, त्याची सगळी करामत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आणि ‘कर्टन’ अगदी शेवटी, बाकीचे भाग संपल्यावरच लावा.