झाडीतला प्लॉट: आधी खुणा, मग कुऱ्हाड

प्रश्न: प्लॉटवर बरीच मोठी झाडं आहेत. विकणारा लाकडाची किंमत जमिनीवर चढवून मागतो. द्यावी का?

आधी मोजा. लाकूडबाजारात जुना हिशोब आहे: ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर 120 सेंमी आणि सरळ खोड 5 मीटर असेल, तर 0.3 × 0.3 × 5 म्हणजे 0.45 घनमीटर. खरं घनफळ याहून जास्त भरतं, पण साल आणि कापताना जाणारी घट या हिशोबात आपोआप सुटते. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घेतात. खोड वर निमुळतं होत जातं, तेव्हा तोच आकडा पूर्ण लांबीला लावला तर फसाल. शिवाय तोड, ओढणी आणि वाहतूक वजा करायची. कुंपणाकाठची झाडं तर व्यापारी हात लावून बघतो. सालीत तार किंवा खिळा गिळलेला असला की करवतीचं पातं गेलंच, म्हणून भाव पडतो.

प्लॉटची किंमत काढायला मी उलटा जातो. तेवढ्याच आकाराचा, जवळचाच, बांधकामाला तयार मोकळा प्लॉट कितीला जातो ते बघायचं. त्यातून साफसफाई, खुंट काढणं, रस्ता, पाणी आणि वीज यांचा खर्च वजा करायचा. घर बसेल अशी जागाही मोजा. 20 बाय 30 मीटरचा प्लॉट 600 चौरस मीटरचा दिसतो, पण चारही बाजूंनी 3 मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडलं की उरतात 336. त्यात मधोमध तोडता न येणारं झाड निघालं, तर भाव करायची जागा तीच. चांगली सावली देणाऱ्या झाडासाठी मात्र मी चार पैसे जास्त देईन. तसं झाड लावून मिळायला अर्धं आयुष्य जातं.

प्रश्न: आर्किटेक्ट येण्याआधी जेसीबी लावून सगळं साफ करून घेऊ का?

नको! झाडीतल्या प्लॉटवरची सगळ्यात महाग चूक हीच. आधी सर्व्हेअरकडून हद्द, उंचसखलपणा आणि प्रत्येक मोठ्या झाडाची जागा नकाशावर घ्या. मग घर आणि गाडीची वाट आखा, राखायच्या झाडांना पट्टी बांधा, तोडीची परवानगी लागते का ते विचारा आणि त्यानंतरच तोड. घरट्यांचा हंगाम टाळा. वरची काळसर, पालापाचोळा मुरलेली माती भरावात घालू नका. बाजूला ढीग करून ठेवा, बागेला लागेल.

प्रश्न: अंगणातलं झाड ठेवायचं आहे. पाया किती लांब हवा?

ब्रिटिश मानक बीएस 5837 मधला ठोकताळा सोपा आहे: दीड मीटर उंचीवरच्या खोडाच्या व्यासाची 12 पट त्रिज्या. 40 सेंमी व्यासाच्या खोडाला 4.8 मीटर. या वर्तुळात खणायचं नाही, भराव नाही, विटा-वाळू नाही, मशीन तर नाहीच. मुळं खोल जातात हा गैरसमज आहे. बहुतेक मुळं वरच्या 60 सेंमीत असतात. म्हणून वीतभर माती चढवली तरी त्यांचा श्वास कोंडतो, आणि झाड लगेच नाही, दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं. तोवर ठेकेदार कधीच निघून गेलेला असतो.

चिकणमाती असेल तर जास्त सांभाळा. झाड पाणी ओढतं तेव्हा ती आकसते. झाड तोडलं की उलट पाणी धरून काही वर्षं फुगत राहते आणि पाया उचलते. त्यामुळे ‘भिंतीजवळ आहे ना, तोडून टाका’ हा उपाय तिथे अंगाशी येऊ शकतो. माती तपासणी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर, दोन्ही हवेत.

प्रश्न: खुंट तिथेच पुरून वर भराव टाकला तर?

घराखाली आणि वाटेखाली मुळीच नाही. लाकूड कुजतं, पोकळी होते, फरशी खचते. मुळांसकट काढा, खड्डा मुरमाने 20 सेंमीच्या थरांत दाबत भरा. बागेच्या कोपऱ्यातला खुंट राहू द्या.

प्रश्न: पुढची रांग तोडल्यावर मागची झाडं वाऱ्यात फार डोलतात. धोका आहे का?

आहे. दाटीत वाढलेली झाडं उंच आणि किरकोळ असतात. वारा कायम पुढच्या रांगेनेच खाल्लेला असतो. बुंध्याशी जमिनीला भेग दिसली किंवा एका बाजूची माती उचललेली दिसली, तर मजुरांना त्या बाजूला जाऊ देऊ नका आणि वृक्षतज्ज्ञाला त्याच दिवशी बोलवा.